लाकडी हौदा, पोलादी सांगाडा



महामार्गावर कधी तरी एक विचित्र गाडी तुमच्या नजरेस पडली असेल. पुढे इंजिन, खाली चाके, मध्ये दोन लांबलचक पोलादी तुळया आणि बाकी काहीच नाही! ना केबिन, ना हौदा, ना फाळका. तात्पुरत्या आसनावर बसलेला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला चालक ती दूरच्या गावी घेऊन चाललेला असतो. कारखान्यातून निघालेली ही नुसती ‘चासी’, म्हणजे गाडीचा सांगाडा होय. बॉडी बांधणाऱ्या कारागिरांकडे ती पोहोचली, की तिचा ट्रक होतो.

म्हणजे ट्रक ही एक वस्तू नसून दोन वस्तूंची जोडी आहे. खालचा अर्धा भाग एका ठिकाणी जन्मतो, तर वरचा अर्धा दुसऱ्या ठिकाणी. गाडीची ही विभागणी कोणी व का केली? आणि वरचा भाग इतकी वर्षे लाकडाचाच का राहिला? लाकूड म्हणजे पोलाद न परवडणाऱ्याने वापरायची वस्तू, असे आपल्याला सहज वाटते. हे कितपत खरे आहे ते दुसऱ्या महायुद्धातील लष्करी ट्रकांच्या उदाहरणावरून तपासून पाहू या. त्यातील बऱ्याच ट्रकांची जुळणी आपल्या मुंबईतच झाली होती.

पेटीतून आलेला ट्रक

१९३९ साली युद्ध सुरू झाले. ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्यातील देशांना प्रचंड संख्येने लष्करी गाड्या हव्या होत्या. त्यातील फार मोठा वाटा कॅनडाने उचलला. युद्धकाळात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. फोर्ड व जनरल मोटर्स ह्या दोन कंपन्यांच्या कॅनडातील कारखान्यांनी एकाच ठरावीक नमुन्याचे ट्रक बांधले. इंजिने वेगळी होती. फोर्डचे आठ सिलिंडरचे, तर शेव्हरलेचे सहा सिलिंडरचे. पण केबिनची ठेवण, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर, चाकांचे माप ह्या गोष्टी सारख्या ठेवल्या होत्या. ओझ्याप्रमाणे ह्या गाड्यांचे प्रकार पाडले होते. लहान गाडी पंधरा हंड्रेडवेटची, म्हणजे सुमारे ७६० किलोग्रॅम वाहणारी, आणि मोठी तीन टनांची.

ह्या गाड्या भारतात कशा आल्या? उभ्या, तयार ट्रकच्या रूपात नव्हे; सुटे भाग लाकडी पेट्यांत भरून. मुंबईत त्यांची जुळणी करण्याची सोय आधीपासूनच होती. फोर्ड कंपनीने १९२६ साली भारतात आपले काम सुरू केले होते, आणि जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना १९२८ पासून चालू होता. तेथे पेट्या उघडून सांगाडा, इंजिन, आस, चाके जोडली जात. हौदा मात्र येथेच बांधला जाई, आणि तो बहुतेक लाकडाचा असे.

ह्यामागचे पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. तीन टनी ट्रकचा हौदा साडेतीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि ताडपत्रीच्या कमानींसह पावणेदोन मीटर उंच धरा. त्याचे घनफळ सव्वाबारा घनमीटर होईल. ह्यात लाकूड किंवा पोलाद किती? फार तर अर्धा-पाऊण घनमीटर. बाकी सारी हवा! जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राचा मार्ग धोक्याचा झाला. बहुतेक जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून यावे लागे, आणि वाटेत शत्रूच्या पाणबुड्यांची भीती असे. अशा जहाजात हवा भरून आणणे कोणाला परवडणार? हौद्याचे भाग सुटे करून आणता आले असते हे खरे. पण ज्या देशात लाकूडही आहे आणि सुतारही आहेत, तेथे समुद्रापलीकडून हौदा आणायचाच कशाला?

दुसरे कारण पोलादाचे. जमशेदपूरला पोलाद तयार होत होते. परंतु त्याला मागणी किती होती पाहा. तोफा, गोळे, रेल्वेचे रूळ, पूल आणि चिलखती गाड्या, सगळ्यांनाच ते हवे होते. कॅनडाहून आलेल्या फोर्डच्याच सांगाड्यांवर जमशेदपूरच्या चिलखती पोलादाचे कवच चढवून भारतात एक चिलखती गाडी बनवली गेली. ‘टाटानगर’ ह्या नावानेच ती सैन्यात ओळखली जाई. बंदुकीची गोळी अडवायला पोलादच लागते. धान्याची पोती आणि दारूगोळ्याच्या पेट्या वाहायला मात्र दुसरे काही चालेल का, असा प्रश्न होता.

वजन तेवढेच, ताठपणा शंभरपट

हा प्रश्न आपण गणिताने सोडवू. हौद्याच्या तळासाठी २ मि.मी. जाडीचा पोलादी पत्रा घेतला, तर एक चौरस मीटर पत्र्याचे वजन सुमारे १५.७ किलोग्रॅम भरते. आता तेवढ्याच वजनाची सागवानी फळी घेऊ. सागवान पोलादापेक्षा साधारण बारा पट हलके असते. म्हणून तेवढ्याच वजनात आपल्याला २४ मि.मी. जाडीची फळी मिळते.

आता दोन्हींवर सारखेच ओझे ठेवले तर जास्त कोण वाकेल? पदार्थ म्हणून पोलाद सागवानापेक्षा सोळा-सतरा पट ताठ आहे. पण फळीचे वाकणे केवळ पदार्थावर अवलंबून नसते, तर जाडीवरही असते. आणि जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो! जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. तिप्पट केली की सत्तावीसपट. आपली फळी बारा पट जाड आहे. बाराचा घन १७२८. पोलादाच्या बाजूने असलेल्या सतराने त्याला भागा. उत्तर शंभराच्या आसपास येते. म्हणजे सारख्या वजनाच्या सपाट पत्र्यापेक्षा सागवानी फळी सुमारे शंभरपट ताठ!

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, “गुरुजी, पण आजकालच्या ट्रकचे हौदे पोलादाचे असतात, ते कुठे वाकतात?” शंका रास्त आहे. वहीचा एक कागद घ्या आणि दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा. स्वतःच्या वजनानेच तो खाली झुकेल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. आता त्यावर पेन्सिल, खोडरबर, काही नाणीही ठेवता येतील. पोलादी हौद्याच्या पत्र्यालाही अशाच नागमोडी घड्या घातलेल्या असतात. त्यामुळे पातळ पत्रा जाड असल्यासारखा वागतो.

परंतु पोलादाच्या जाड पत्र्याला अशा घड्या घालण्यासाठी शेकडो टनांचा दाब देणारी यंत्रे लागतात आणि घडीच्या आकाराचे पोलादी साचेही लागतात. युद्धकाळात अशी यंत्रे थोडी होती, आणि जी होती ती अधिक निकडीच्या कामाला जुंपलेली होती. लाकडाला मात्र जाडी मुळातच असते. करवत, रंधा, पटाशी, सामता एवढ्या हत्यारांवर त्याची फळी होते. तेव्हा लाकडाची निवड ही केवळ तडजोड नव्हती. हाताशी असलेल्या हत्यारांनी जास्तीत जास्त ताठपणा मिळवण्याचा तो मार्ग होता.

लाकडाला दिशा असते

वर आपण काढलेला शंभरपटीचा आकडा एका अटीवर खरा आहे. ओझ्याने फळी ज्या दिशेने वाकते, त्या दिशेने तिचे तंतू असले पाहिजेत. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. तंतूंच्या दिशेने ते बळकट असते. आडव्या दिशेने त्याचा ताठपणा दहा-वीस पटींनी कमी होतो. सरपणाचा ओंडका उभा ठेवून कुऱ्हाड मारली की चटकन फुटतो, पण आडवा तोडायला दमछाक होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. पोलादाला अशी दिशा नसते. म्हणून पोलादी पत्रा कसाही ठेवला तरी चालतो, पण लाकडाची रचना विचार करूनच करावी लागते.

हौद्याची रचना पाहिली की हे ध्यानात येईल. सांगाड्याच्या दोन तुळयांवर प्रथम दोन लांब लाकडे ठेवतात. त्यांवर ठरावीक अंतराने आडवे वासे बसवतात. त्या आडव्या वाशांवर लांबीच्या दिशेने तळाच्या फळ्या येतात. प्रत्येक थराचे तंतू खालच्या थराशी काटकोन करतात. त्यामुळे ओझे फळीवरून वाशांवर, वाशांवरून लांब लाकडांवर व तेथून सांगाड्यावर उतरते, आणि प्रत्येक लाकडाला आपापल्या तंतूंच्या दिशेनेच काम करावे लागते. शिवाय फळ्या गाडीच्या लांबीत असल्यामुळे जड पेट्या मागून आत सरकवताना फळ्यांच्या सांध्यांत अडत नाहीत.

लाकडाचा दुसरा स्वभाव म्हणजे पाणी. ओले लाकूड वाळताना सुमारे ३० टक्के ओलाव्यापर्यंत आकाराने बदलत नाही. त्याखाली मात्र आकसू लागते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. रुंदीत व जाडीत आकसते. सागवान ह्या बाबतीत फार समंजस लाकूड. तरीही अर्धवट वाळलेल्या, २४ टक्के ओलाव्याच्या सागवानी फळ्या बसवल्या आणि कोरड्या प्रदेशात त्या १२ टक्क्यांवर आल्या, तर रुंदीत त्या सुमारे दोन टक्के आकसू शकतात. दोन मीटर रुंदीच्या तळात ही तूट चार सेंटिमीटर होते! फळ्यांमध्ये फटी पडतात. फटी दिसतात तरी. खरा धोका न दिसणारा असतो. दहा सेंटिमीटर उंचीचा आडवा वासा दोन मि.मी. आकसला, की त्यातून गेलेला बोल्ट तेवढाच सैल होतो. अर्ध्या इंची बोल्टाच्या आट्यांतील अंतरही सुमारे दोन मि.मी.च असते. म्हणजे कोणी हात न लावता नट जणू एक पूर्ण फेरा मागे फिरला! म्हणूनच लाकडी हौद्याची नवी गाडी थोडी धावली, की सगळे नट पुन्हा आवळावे लागतात. ज्याने ते आवळले नाहीत, त्याचा हौदा वळणावर करकरू लागतो.

लाकूड नीट वाळवणे म्हणूनच महत्त्वाचे. पण फळ्यांच्या थप्प्या लावून हवेवर वाळवायला काही महिने लागतात, आणि युद्धाला वेळ नसतो. मग तापमान व दमटपणा ताब्यात ठेवणाऱ्या भट्ट्यांत लाकूड वाळवावे लागते.

मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातील सागवान भारताला मिळेनासे झाले. देशातील सागवानाला तर जहाजे, रेल्वेचे डबे, पूल अशी चहूकडून मागणी. मग इतर लाकडांकडे वळणे भागच होते. येथे विज्ञानाची मदत झाली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत (स्थापना १९०६) भारतीय लाकडांच्या चाचण्या पूर्वीपासून चालू होत्या. तिची पद्धत मोठी सोयीची आहे. सागवानाचा प्रत्येक गुण १०० धरायचा आणि इतर लाकडांचे वजन, बळकटी, ताठपणा, धक्का सोसण्याची शक्ती, आकार टिकवण्याचा गुण हे सारे त्या मापाने सांगायचे. अशा तक्त्यावर नजर टाकली, की साल सागवानापेक्षा बळकट पण जड आहे व वाळताना तडकते, हे चटकन कळते. धक्के सोसायला शिसव चांगला. कोणते लाकूड तुळईला, कोणते फळीला, हे मग अनुभवाच्या जोडीला आकड्यांवरूनही ठरवता येते.

पिळवटणारा सांगाडा

आता ह्या विषयातील सर्वांत मजेदार भागाकडे येऊ. बुटांचे पुठ्ठ्याचे एक रिकामे खोके घ्या. झाकण काढून ठेवा. दोन्ही टोके दोन हातांनी धरून, ओले कापड पिळतो तसे पिळून पाहा. ते सहज पिळवटेल. आता झाकण लावा, त्याच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या चिकटवा आणि पुन्हा पिळा. फारसे हलणार नाही. उघडा आकार पिळाला दुबळा असतो, तर बंद आकार बळकट.

ट्रकचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब तुळया व त्यांना जोडणारी आडवी अंगे. तुळयांचा छेदही चौकोनी नळीसारखा बंद नसतो, तर एका बाजूने उघडा असतो. त्यामुळे हा सांगाडा ओझ्याने सहसा वाकत नाही, पण पिळाला मात्र मऊ असतो. हा त्याचा दोष नाही, गुण आहे. समजा, पुढचे डावे चाक वीस सेंटिमीटर उंचीच्या दगडावर चढले. काही उंची कमानीचे पाटे सामावून घेतात, उरलेली सांगाडा थोडा पिळवटून सामावतो. त्यामुळे चारही चाके जमिनीला टेकलेली राहतात. सांगाडा अगदी ताठ असता, तर एक चाक अधांतरी राहिले असते, ते नुसते गरगर फिरले असते, आणि गाडी चिखलात रुतून बसली असती.

पण अशा पिळवटणाऱ्या सांगाड्यावर एखादी ताठ पेटी पक्की जखडली तर काय होईल? दोघांची ओढाताण सुरू होईल, आणि शेवटी एक तरी तुटेल. सांध्याशी जखडलेल्या पोलादी पेटीच्या कोपऱ्यांना चिरा पडतील, नाही तर खुद्द सांगाड्याला. लाकडी हौदा येथे उपयोगी पडतो. त्याचा प्रत्येक सांधा किंचित हलतो. शेकडो सांध्यांचे थोडे थोडे हलणे मिळून हौदा सांगाड्याबरोबर पिळवटतो व पुन्हा सरळ होतो. लाकडी गाडीचा तो ओळखीचा कुरकुर आवाज म्हणजे हेच हलणे.

तरीही काळजी घ्यावीच लागते. पहिली गोष्ट, हौदा सांगाड्याला बांधताना तुळईच्या वरच्या किंवा खालच्या कडेला भोक पाडायचे नाही. ओझ्याने तुळई वाकते तेव्हा वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधल्या उंचीवर ताण जवळजवळ शून्य असतो. जेथे ताण सर्वांत जास्त तेथेच भोक पाडले, तर तडा जायला निमंत्रणच. म्हणून तुळईला वळसा घालणारे, घोड्याच्या नालेसारखे वाकवलेले बोल्ट वापरतात. दुसरी गोष्ट, हौदा मागच्या बाजूस पक्का आवळतात, पण पुढच्या बाजूस नटाखाली स्प्रिंग ठेवतात. सांगाडा पिळवटला की हौद्याची पुढची बाजू थोडी उचलली जाते व पुन्हा बसते. खडबडीत जमिनीवर चार पायांचे स्टूल डुगडुगते, पण तिवई डुगडुगत नाही, हे तत्त्व येथेही थोडेसे लागू पडते.

तिसरी गोष्ट बोल्टाची. लाकूड दाबाखाली चेपते. म्हणून बोल्टाच्या डोक्याखाली व नटाखाली मोठा चपटा वॉशर घालतात. दाब मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो आणि लाकूड वाचते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्ही आठवीत-नववीत शिकताच.

काय एकसारखे हवे, काय नको?

ट्रकची दोन भागांत विभागणी कशी योग्य ठरली, हे आता सांगता येईल. इंजिन, दंतचक्रे, आस, ब्रेक ह्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत जसाच्या तसा बसला पाहिजे, नाही तर हजार मैल दूर असलेल्या गाडीची दुरुस्ती होणे नाही. हे भाग थोड्या कारखान्यांत, मोठ्या संख्येने व अगदी एकसारखेच व्हायला हवेत. हौद्याचे तसे नाही. फळी दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली तरी गाडी चालते. त्याची थोडीच मापे काटेकोर लागतात. सांगाड्याला बांधायच्या जागा, एकूण लांबी-रुंदी, फाळक्याच्या बिजागऱ्या, ताडपत्रीच्या कमानींची भोके, एवढीच. ती नकाशाप्रमाणे ठेवली, की बाकीचे काम अनेक ठिकाणचे सुतार एकाच वेळी करू शकतात.

आपल्याकडच्या सुतारांना लाकूड व लोखंड एकत्र नांदवण्याची कला नवी नव्हती. बैलगाडीचे चाक आठवा. मध्ये तुंबा, त्यात आरे, भोवती लाकडी पाटे आणि सर्वांवर लोखंडी धाव. धाव तापवून, प्रसरण पावल्यावर चढवायची व पाणी ओतून आकसू द्यायची, की सारे चाक घट्ट आवळले जाते. लाकडाला भोक कोठे पाडावे, कुसू किती जाड ठेवावे, कोणत्या बाजूने तडा जाईल, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते. फोर्ड इंजिनाचा भाग गावच्या लोहाराला घडवता आला नसता. फाळक्याची तुटलेली फळी मात्र कोणत्याही गावी बदलता येते.

ह्या शेवटच्या वाक्याची किंमत लढाईच्या रस्त्यावर कळते. १९४४ साली ईशान्य भारतातील लढाईत दिमापूर ते इंफाळ हा सुमारे दोनशे किलोमीटरचा घाटरस्ता सैन्याची जीवनरेषा होता. जपानी सैन्याने तो तोडला आणि २२ जून १९४४ रोजी तो पुन्हा खुला झाला. तोपर्यंत पावसाळा लागला होता. चिखल, दरडी आणि वळणे. अशा रस्त्यावर मोडलेला हौदा दुरुस्त होण्यासाठी आठवडे थांबला, तर तेवढे दिवस तेवढे धान्य व औषध पुढे पोहोचत नाही. करवत, बोल्ट आणि चार फळ्या एवढ्यावर गाडी पुन्हा उभी राहणे, हा गुण कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात दिसत नाही. पण माणसांचे जीव त्यावर अवलंबून असतात.

इतरांनी काय केले?

पोलादाची टंचाई सगळ्यांनाच होती. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोच्या जवळ आले, तेव्हा सोव्हिएत संघाने तेथील ट्रकचा कारखाना पूर्वेकडे हलवला. पुढे त्यांच्या झिस-५ ह्या तीन टनी ट्रकची सोपी युद्धकालीन आवृत्ती निघाली. तिची केबिन लाकडी फळ्यांची होती. चाकांवरचे पत्रे दाबून घडवलेले नव्हते, तर साधे वाकवलेले होते. पुष्कळ गाड्यांना एकच पुढचा दिवा असे, आणि पुढच्या चाकांचे ब्रेकही काढून टाकले होते. अमेरिकेसारख्या पोलादसंपन्न देशानेही १९४२ साली अडीच टनी लष्करी ट्रकांसाठी लाकडी हौदे बनवायला सुरुवात केली, आणि नंतर पोलादी चौकट व लाकडी फळ्या असा मधला मार्ग काढला. युद्धाच्या शेवटी जर्मनीतही ट्रकच्या केबिनी लाकूड व दाबलेल्या लाकडी तक्त्यांपासून होऊ लागल्या.

ह्या उदाहरणांत एक फरक ओळखायला शिका. हौदा लाकडाचा केल्याने ट्रकचे काम फारसे बिघडत नाही. पुढचे ब्रेक काढल्याने मात्र गाडी थांबायला जास्त अंतर लागते, आणि ती किंमत चालकाला मोजावी लागते. दोन्ही ठिकाणी साहित्याची बचतच आहे, पण त्या सारख्या नाहीत.

लाकडाचे दोषही सांगितले पाहिजेत. ते कुजते, त्याला वाळवी लागते, ते पेट घेते. सागवानात अंगचे तेल असल्याने वाळवी त्याला सहसा लागत नाही. इतर लाकडांना डांबर किंवा औषध लावावे लागते. आणि अपघातात लाकडी केबिनच्या फळ्या मोडून त्यांच्या कपच्या आतल्या माणसाला लागतात. पोलाद चेपते, पण चेपता चेपता धक्क्यातील बरीचशी ऊर्जा शोषून घेते. म्हणून माल ठेवण्याच्या जागेला लाकूड चालेल. माणूस बसण्याच्या जागेबद्दल वेगळा विचार केला पाहिजे.

युद्धानंतर

१९४५ साली युद्ध संपले. हजारो लष्करी ट्रक विक्रीला निघाले व नागरी मालवाहतुकीत आले. हौदे जुने झाले की सुतारांनी नवे बांधले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर आपल्या एसटीची पहिली गाडी धावली, तीही लाकडी बॉडीचीच होती. १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मनीतील डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रक बनवण्यास सुरुवात केली. त्यानंतरही कित्येक दशके बहुतेक मालट्रक नुसत्या चासीच्या रूपात विकले गेले. बॉडी बांधण्याचे काम गावोगावच्या कारागिरांनी केले. तमिळनाडूतील नामक्कलसारखी गावे तर ह्याच धंद्यासाठी प्रसिद्ध झाली. आता कारखान्यातूनच केबिन व हौद्यासह ट्रक मिळतात, चालकाच्या केबिनीच्या मजबुतीचे नियमही कडक झाले आहेत आणि लाकडाची जागा पोलाद घेत आहे. तरीही लाकडी हौद्याचे ट्रक तुम्हाला बाजार समितीच्या आवारात अजून दिसतील.

पुढच्या वेळी असा ट्रक उभा दिसला, की चालककाकांची परवानगी घेऊन त्याच्याकडे नीट पाहा, आणि पुढील प्रश्नांची उत्तरे शोधा.

करून पाहा, शोधून काढा

१. हौद्याच्या फळ्यांचे तंतू कोणत्या दिशेने आहेत? त्यांच्या खालचे वासे कोणत्या दिशेने?

२. हौदा सांगाड्याला कशाने बांधला आहे? तुळईच्या कडेला कोठे भोक पाडलेले दिसते का?

३. एकाच लाकडाच्या सारख्या लांबी-रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या. एक दुसरीच्या दुप्पट जाड असावी. दोन विटांवर आडव्या ठेवून मध्यभागी सारखे वजन टांगा व त्या किती खाली झुकतात ते मोजा. झुकण्याचे प्रमाण आठास एक येते का? थोडा फरक आला तर तो कशामुळे असेल?

४. ताज्या कापलेल्या लाकडाच्या तुकड्याची लांबी, रुंदी व वजन दर आठवड्याला मोजून दोन महिने नोंदवही ठेवा. वजन कोणत्या आठवड्यात सर्वांत जास्त घटले? रुंदी केव्हा बदलू लागली? दोन्ही एकाच वेळी सुरू झाले का?

५. सायकल, शिवणयंत्र, शेतातील नांगर ह्यांपैकी एक वस्तू घ्या. तिचे कोणते भाग अगदी एकसारखेच असले पाहिजेत आणि कोणते गावच्या कारागिराने केले तरी चालतील, ह्याची दोन रकान्यांत यादी करा. तुमची यादी मित्राच्या यादीशी ताडून पाहा. जेथे मतभेद होईल तेथे कारण लिहा.